विसार देण्याआधी

माळेगावच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी केसांचे भोवरे बघतो. गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा आहे का, कपाळावर भोवरा एक आहे की दोन, खोगीर येते त्या जागी काही खोड तर नाही ना. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा असला की पंचकल्याणी म्हणून माणसे गोळा होतात. सोबत एखादा जाणता म्हातारा असतो, तो केसांवरून बोट फिरवत सगळ्या अंगाची फेरी पूर्ण करतो. मग ओठ उचलून दात, मग दोन वेळा पळवून चाल. लगेच घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात रुमालाखाली जातो, बोटे दाबली जातात, दलाल मान हलवतो आणि विसार दिला जातो. एवढ्या सगळ्यात घोड्याचा एकही खूर कुणी उचलून पाहिलेला नसतो.

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा आणि अहमदपूर यांच्या मध्ये हे माळेगाव. मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची देवस्वारी निघते, बेलभंडारा उधळला जातो आणि शेजारच्या माळावर घोडे, गाढवे, खेचरे, उंट यांचा बाजार भरतो. मारवाडी आणि काठेवाडी घोडे येतात, पंजाबकडचे नुकरे येतात, आपल्या दख्खनची काटक तट्टेही असतात. मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि याच पट्ट्यात खासगी सेवा करतो. देवणी आणि लाल कंधारी गुरांचा हा मुलूख. वर्षभर माझे हात गाई-म्हशींच्या कामात असतात. यात्रा जवळ आली की मात्र फोन सुरू होतात: "डॉक्टर, एक घोडी बघितलीय, येऊन जरा पास करून द्या की."

भोवऱ्यांची चेष्टा मी कधी केली नाही. जन्मतः असलेला भोवरा मरेपर्यंत त्याच जागी राहतो. रंग पालटतो, दात झिजतात, पण भोवरा हलत नाही. म्हणूनच शर्यतीच्या घोड्यांच्या ओळखपत्रात भोवऱ्यांच्या जागा आकृतीवर काढलेल्या असतात आणि मीही विम्याच्या दाखल्यात त्या नोंदवतो. आमच्या भागातले जुने जाणकार अंधारात नुसत्या बोटांनी भोवरा सांगतात, आणि दाखला लिहिताना मी त्यांचीच मदत घेतो. शालिहोत्राच्या परंपरेतल्या ग्रंथांत, जयदत्ताच्या 'अश्ववैद्यका'त, शुभाशुभ लक्षणांच्या बरोबरीने दात, खूर, रोग आणि उपचार यांचाही विचार आहे. आपण त्यातला लक्षणांचा अर्धा भाग उचलला आणि वैद्यकाचा अर्धा भाग टाकून दिला, याचे मला वाईट वाटते.

"पास आहे का?" या प्रश्नाला मी उलटा प्रश्न विचारतो: घोडा कशासाठी घेता? वरातीला, रपेटीला, पैदाशीला, की मिरवणुकीत नाचवायला? उत्तर कळल्याशिवाय तपासणीला हात घालण्यात अर्थ नसतो. नाचवायच्या घोडीचा सगळा भार मागच्या पायांवर येतो. तेव्हा मागच्या पायाच्या वरच्या सांध्याला आतल्या बाजूने हाडासारखी कडक गाठ लागली, तर ती घोडी त्या कामाची नाही. पण तीच घोडी शिंगरे देण्यासाठी कदाचित चालेल. उलट, पोराला बसायला शिकवण्यासाठी घ्यायच्या तट्टाच्या श्वासात धावताना थोडी घरघर असली तरी मी अडवत नाही, नोंद मात्र करतो. निर्दोष घोडा मी आजवर पाहिलेला नाही. दोष कोणता आहे आणि तो कोणत्या कामात आड येईल, हे सांगणे माझे काम.

या कामाची उत्तम वेळ पहाटेची. पौषाच्या तोंडावरची माळरानाची थंडी, घोडा रात्रभर एका जागी बांधलेला, अजून कुणी त्याला फिरवून गरम केलेले नाही. मी आधी लांब उभा राहून बघतो. निरोगी घोडा मागचा एक पाय आळीपाळीने सैल सोडतो, ते चालते. पण पुढचा एकच पाय सारखा पुढे काढून ठेवत असेल, तर त्या पायात काहीतरी आहे. मग म्होरकी धरणाऱ्याला सांगतो, दोन पावले मागे घे, आता जागच्या जागी लहान गोल फिरव. रात्रभर आखडलेला सांधा या पहिल्या चार पावलांत बोलतो. तासाभराने घोडा मोकळा झाला की काहीच दिसत नाही. विकणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. गिऱ्हाईक येण्याआधी घोडा फिरवून, घाम पुसून, खरारा करून उभा असेल, तर मी दुसऱ्या दिवशी पहाटे न सांगता येतो.

मग कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चाल. दोरी सैल हवी. धरणारा म्होरकी आखडून डोके वर धरत असेल, तर मी त्याला दोरी सोडायला लावतो, कारण सगळी खूण डोक्याच्या हालचालीत असते. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकताना घोडा डोके वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली टाकतो. मागच्या पायाचे दुखणे पुठ्ठ्याच्या वरखाली होण्यात दिसते. मऊ मातीवर हे झाकले जाते, आणि यात्रेतली जमीन म्हणजे तुडवून झालेला फुफाटा. म्हणून मी घोडा डांबरी कडेपर्यंत नेतो. सांधा मिनिटभर दुमडून धरायचा आणि सोडल्या सोडल्या पळवायचे, ही आणखी एक चाचणी. पहिली दोन पावले थोडी आखडती पडली म्हणून घाबरायचे नाही. चार-सहा पावलांनंतरही लंगड राहिली, किंवा एकाच पायाला आली, तर मात्र थांबायचे.

खूर उचलायला नालबंद सोबत असला तर फार बरे. नाल काढल्याशिवाय अर्धा खूर दिसत नाही. खुराच्या भिंतीवर आडव्या वळ्या असतात. त्या सगळीकडे सारख्या अंतरावर असतील तर चारापालट, ऋतुपालट एवढेच त्यांचे म्हणणे. पण टाचेकडे अंतर वाढत गेले आणि पुढे वळ्या एकमेकींना चिकटल्या, तर खुराच्या आत कधीतरी सूज येऊन गेलेली आहे. हरभऱ्याचा तोबरा भरभरून खाऊ घालून घोडा विक्रीसाठी गुबगुबीत करतात, त्यात हे दुखणे हमखास येते. गिऱ्हाईक चमकत्या अंगावर भाळते. मी त्या वेळी वळ्यांवरून बोट फिरवत बसलेला असतो. एकदा शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यांनी विचारले, "डॉक्टर, खुरात काय वाचायलाव?" मी त्यांना बोट धरून दाखवले. दुसऱ्या वर्षी तेच आजोबा भोवऱ्याआधी खूर उचलताना दिसले.

दातांबद्दल लोकांना बरेच कळते. अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाच वर्षांचा घोडा जुळलेला. खालच्या दातांच्या माथ्यावरचे काळे खळगे साधारण सहाव्या वर्षी मधल्या, सातव्या वर्षी शेजारच्या आणि आठव्या वर्षी कडेच्या दातांतून बुजतात. इथेच लबाडी चालते. म्हाताऱ्या घोड्याच्या दाताला कोरून, डागून नवा खळगा पाडतात. खऱ्या खळग्याभोवती दाताच्या कठीण, पांढऱ्या थराचे कडे असते, बनावट खळग्याला ते नसते. शिवाय वय वाढते तसा दाताचा माथा लांबटाचा गोल आणि गोलाचा तिकोनी होतो आणि दात पुढे झुकत जातात. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीजवळ एक उभी खाच उमटते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते, विसाव्या वर्षी टोकापर्यंत. हे कोरून कुणाला बदलता येत नाही. तरीही दहाच्या पुढे मी वय छातीठोकपणे सांगत नाही, "बारा ते पंधरा" असेच लिहितो.

नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस, श्वास आठ ते सोळा, ताप नव्याण्णव ते एकशे एक. आकडे सोपे आहेत, पण यात्रेत लाऊडस्पीकर, हलगी आणि शेजारी उंट असताना नाडी शांत मिळणे अवघड. मी घोडा माळाच्या टोकाला नेतो, त्याला पाणी पिऊ देतो, मग कान लावतो. पळवून आणल्यावर पुन्हा कान लावतो आणि नाडी किती वेळात खाली येते ते घड्याळावर बघतो. खोकला ऐकू आला तर मी चाऱ्याची चौकशी करतो. आपल्याकडे सोयाबीनची आणि हरभऱ्याची गुळी भरपूर, ती घोड्यापुढे टाकतात आणि तिची धूळ छातीत जाते. पुष्कळ घोड्यांचा खोकला कडबा भिजवून दिला तरी कमी होतो.

पांढऱ्या घोडीला वरातीत तोड नाही, म्हणून आमच्याकडे सगळ्यांत जास्त तपासण्या नुकऱ्यांच्या होतात. पांढरा दिसणारा घोडा दोन जातींचा असतो हे घेणाऱ्याला मी आधी समजावतो. नुकऱ्याची कातडी खालून गुलाबी असते. उन्हाने ती भाजते आणि डोळ्याच्या कडांना, शेपटीखालच्या उघड्या कातडीला चिवट जखमा होतात, त्यांतल्या काही कॅन्सरच्या निघतात. दुसरा जन्मतः काळपट असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. त्याची कातडी काळी. अशा घोड्यांना उतारवयात शेपटीखाली आणि गुदाभोवती काळ्या गाठी येतात. दोन्ही बाबतींत शेपटी उचलून बघण्याला पर्याय नाही, आणि शेपटी उचलून बघितली की विकणारा हमखास रागावतो.

वरातीच्याच कामासाठी लातूरकडच्या एका बँडवाल्याने मला एक नुकरी घोडी दाखवली. देखणी, शांत. हलगी वाजली तरी कान हलवून गप्प. नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत घोडे कसल्या गर्दीतून आणि गलक्यातून धावतात ते आम्ही सगळे पाहत आलो आहोत. गलक्याला सरावलेल्या घोड्याची किंमत इथल्या माणसाला सांगावी लागत नाही. बँडवाल्याचे मन बसले होते. मी डाव्या बाजूने गेलो तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याच्या पापणीचे केस उजव्यापेक्षा थोडे खाली झुकलेले वाटले. उन्हात डोळा तपासता येत नाही. विकणाऱ्याच्या पालात घोडीचे तोंड आत घेऊन, वरून घोंगडी धरायला लावली आणि बॅटरीचा उजेड टाकला. उजव्या डोळ्याची बाहुली गुळगुळीत, आडवी, उजेडाला लगेच आकसली. डाव्या डोळ्याची बाहुली लहान होती, तिची कड फाटक्या कागदासारखी वाकडीतिकडी, आणि मागे निळसर धूसर पडदा. डोळ्याच्या आत पुन्हा पुन्हा सूज येऊन गेलेली होती. हे दुखणे परत येते, आणि अखेर डोळा जातो.

मी बँडवाल्याला बाजूला घेऊन सांगितले की आज तिला या डोळ्याने थोडे दिसत असेल, वर्षभराने कदाचित दिसणार नाही. वरातीत डाव्या बाजूला लहान मुले पायांत येतात, कुणी फटाका लावतो. आंधळ्या बाजूने अचानक काही आले तर घोडी उधळेल आणि पाठीवर नवरदेव असेल. तो बराच वेळ घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला आणि मग नाही म्हणाला. विकणारा माझ्यावर संतापला. "डॉक्टर, पोटावर पाय देऊ नका. घोडी देवमणीची हाय, इतक्या वरसात तिनं कुणाला लाथ मारली नाही." तो खोटे बोलत नव्हता. घोडी खरोखर गुणी होती. मी त्याला डोळ्यात घालायचे औषध लिहून दिले, उन्हात तोंडावर जाळी बांधायला सांगितले. संध्याकाळपर्यंत ती घोडी दुसऱ्या कुणीतरी डॉक्टर न बोलावता घेतल्याचे कळले.

त्या दुसऱ्या माणसाला मी शोधत गेलो नाही. ज्याने बोलावले त्याचा अहवाल त्याचाच, हा आमच्या धंद्याचा नियम आहे आणि तो मला मान्य आहे. पण काही गोष्टी या नियमाबाहेर आहेत. नाकातून चिकट, पिवळसर शेंबूड, नाकपुडीच्या आत व्रण, जबड्याखाली कडक गाठ, मागच्या पायावर शिरेच्या ओळीने आलेले फुटणारे फोड, यांतले काही दिसले की मी हातमोजे घालतो, घोडा इतरांपासून लांब बांधायला लावतो आणि सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवतो. हा ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो आणि जीव घेतो. अनेक वर्षे नाहीसा वाटणारा हा रोग २००६ मध्ये देशात पुन्हा दिसला, तो आपल्या महाराष्ट्रातच. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या केंद्रीय कायद्यात तो अनुसूचित आहे. त्यावर उपचार करायचे नसतात. रक्ताची तपासणी पक्की झाली की जनावराला वेदनारहित मरण द्यावे लागते आणि मालकाला भरपाई मिळते. पक्की खात्री हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

सगळ्यांत अवघड मुद्दा इथे येतो. ग्लँडर्स झालेला घोडा कित्येक महिने वरून धडधाकट दिसू शकतो. माझे डोळे, कान, बोटे यांपुढे तो पास होईल. रक्त तपासावेच लागते, आणि त्याचा निकाल यायला दिवस लागतात. यात्रा चार-पाच दिवसांची, सौदा अर्ध्या तासाचा. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो की विसार द्या, पण चिठ्ठीवर लिहून घ्या: रक्ताचा निकाल चांगला आला तरच बाकीची रक्कम आणि घोड्याचा ताबा. ही अट ऐकून प्रामाणिक विकणारे तयार होतात, हा माझा अनुभव आहे. राजस्थानकडचे काही व्यापारी तर निकालाचा ताजा कागद खिशात घेऊनच येतात. कागदावरचे वर्णन समोरच्या घोड्याशी जुळते का ते बघताना पुन्हा भोवरेच कामी येतात.

सर्रा हा दुसरा रोग त्या मानाने सोपा. पावसाळ्यात गोमाशा चावून तो पसरतो, आणि मार्गशीर्षात बाजारात येणारे खंगलेले, पोटाखाली आणि पायांवर सूज असलेले, मधूनच तापणारे घोडे मला त्याची आठवण करून देतात. काचेवर रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शक, आणि दिसले तर दिसले. एका काचेत जंतू सापडला नाही म्हणजे नाहीच असे मात्र नसते. सर्ऱ्यावर औषध आहे, त्यामुळे किंमत कमी करून घोडा घ्यायला हरकत नाही, घरी नेऊन आधी उपचार करायची तयारी हवी.

दुखणे मारणाऱ्या इंजेक्शनांचा प्रश्न उरतोच. लंगडा घोडा दोन दिवस सरळ चालवायला एक सुई पुरते. इंग्लंडात खरेदीच्या तपासणीवेळी रक्त काढून सहा महिने जपून ठेवतात, पुढे वाद झाला तर ते तपासतात. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणीही ही सोय नाही. मी गळ्याच्या शिरेवर ताजी टोचणी आहे का, एका बाजूची मान दाबल्यावर दुखते का ते बघतो, आणि शक्य असेल तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा बघतो. घोडी गाभण आहे असे सांगून वाढीव किंमत मागितली असेल, तर हात घालून किंवा सोनोग्राफीने तपासल्याशिवाय एक रुपयाही जास्त देऊ नये. अकरा महिन्यांचा काळ असतो, वाट बघणारा फसल्याचे त्याला फार उशिरा कळते.

एवढी सगळी तपासणी घोड्याच्या वाट्याला येते, कारण घोड्याला किंमत आहे. माळेगावात त्याच माळावर गाढवेही विकायला उभी असतात. वीटभट्टीवर, वाळू वाहायला, डोंगरी वाटेने ओझे न्यायला ती घेतली जातात. त्यांचा गिऱ्हाईक गरीब, डॉक्टरची फी त्याला परवडत नाही, आणि मलाही कुणी त्यासाठी बोलावत नाही. ग्लँडर्स मात्र घोड्यात रेंगाळतो आणि गाढवात, खेचरात झपाट्याने उसळतो. गाढवाशेजारी झोपणारी, त्याच बादलीत हात घालणारी माणसे आणि त्यांची लेकरे या रोगाच्या सर्वांत जवळ असतात. म्हणून गेली काही वर्षे यात्रेत घोड्यांची कामे आटोपली की मी गाढवांच्या बाजूला जाऊन बसतो. पैसे घेत नाही. नाकपुड्या बघतो, जबड्याखाली हात घालतो, खुरात अडकलेले खडे काढतो, खोगिराने सोललेल्या पाठीला मलम लावतो, जखम असेल तिथे धनुर्वाताची सुई देतो. मालक आधी संशयाने बघतात, मग स्वतःहून दुसरे जनावर पुढे आणतात.

रक्त काढायचे ते यात्रेत काढून उपयोग होत नाही. निकाल येईपर्यंत जनावर कुठल्या कुठे गेलेले असते. लोहा, कंधार, अहमदपूर, उदगीर भागातल्या गाढवांचे आणि घोड्यांचे नमुने यात्रेच्या महिनाभर आधी वस्तीवर जाऊन घेतले, तर निदान आपल्या भागातली जनावरे कागदासह बाजारात उभी राहतील. बाहेरून येणाऱ्यांना मग तसाच कागद मागता येईल. पशुसंवर्धन विभागाचे डॉक्टर, उदगीरचे विद्यार्थी आणि आम्ही खासगीवाले एकत्र बसलो तर हे होण्यासारखे आहे. वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि तेव्हा जनावरे एका जागी असतात, त्यामुळे नमुने घ्यायला तोच काळ सोयीचा.